पाणथळीतली लहान बदकं : कुठं उतरतात, शिकार कशी होते आणि कायदा काय सांगतो

करमाळा : उजनीचं पाणी उतरायला लागलं, की काठावरच्या गावांत दोन गोष्टी सुरू होतात. एक म्हणजे गाळपेरीची लगबग आणि दुसरी म्हणजे पाखरांची गर्दी. कोंढार चिंचोली, केत्तूर, वाशिंबे, कुगाव आणि पलीकडं इंदापूर तालुक्यातलं कुंभारगाव, या सगळ्या काठावर हिवाळ्यात बदकांचे थवे उतरतात. रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो बघायला पुण्या-मुंबईची माणसं गाड्या करून येतात. लहान बदकांकडं मात्र फारसं कुणी बघत नाही.

बघत नाही असं म्हणायचं, पण शिकारी बघतात. भल्या पहाटे किंवा अंधार पडल्यावर कधीतरी एखादा बार ऐकू येतो. सकाळी काठावर पिसं पडलेली दिसतात. विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं, ‘बदक तर आहे, त्याला कसला आलाय कायदा? हे काय अभयारण्य आहे का?’

हा गैरसमज फक्त उजनीच्या काठावरच नाही. गावतळं, पाझर तलाव, नदीचा डोह, चिबड रान, सगळीकडं तो आहे. म्हणून ही एकत्रित माहिती. लहान बदकं कोणती, ती कोणत्या पाणथळीत कशासाठी उतरतात, त्यांची शिकार कुठं कशी होते आणि त्याबद्दल कायदा काय सांगतो, ते इथं दिलं आहे.

लहान बदकं म्हणजे कोणती?

आपल्याकडं ‘बदक’ म्हटलं की लोक पाण्यावरच्या सगळ्याच पाखरांना एका मापात धरतात. नीट बघितलं तर फरक दिसतो. सोलापूरचे भूमिपुत्र मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षीकोशा’त पाखरांची मराठी नावं गोळा केली. जुन्या लोकांच्या तोंडी त्यातली काही नावं अजून आहेत. लहान बदकांपैकी चार जाती ओळखता आल्या तरी पुष्कळ काम होतं.

चक्रांग : हे परदेशी पाहुणं. उत्तर युरोप आणि सायबेरियाकडून येणाऱ्या बदकांत हे सगळ्यात लहान. वजन साधारण पाव किलो ते साडेतीनशे ग्रॅम. नराचं डोकं विटकरी, डोळ्यावरून मागं हिरवा पट्टा. मादी साधी तपकिरी. उडताना पंखावर हिरवी चकाकी दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतं आणि मार्चच्या सुमारास परत जातं. पाण्यावरून धावत न जाता हे बदक जागेवरून सरळ वर उडतं, ही त्याची खूण.

भुवई : हेही पाहुणंच, चक्रांगापेक्षा किंचित मोठं. नराच्या डोळ्यावर पांढरी ठसठशीत भुवई असते, त्यावरून नाव पडलं. हे लवकर येतं. पावसाळा संपायच्या आत, ऑगस्ट-सप्टेंबरातच याचे पहिले थवे दिसायला लागतात. परतताना मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा संख्या वाढते.

अडई : ही इथलीच, बारमाही. तांबूस तपकिरी रंग, लांब मान, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. उडताना शीळ घालते, त्यामुळं अंधारातही आवाजावरून ओळखू येते. दिवसा थव्यानं तळ्यात बसते आणि रात्री चरायला बाहेर पडते. पावसाळ्यात झाडाच्या ढोलीत किंवा काठावरच्या दाट गवतात अंडी घालते.

काणूक : हीही इथलीच. जगातल्या सगळ्यात लहान बदकवर्गीय पाखरांत हिची गणती होते. नराचा चेहरा आणि मान पांढरी, पाठ काळपट हिरवी, गळ्यात काळा पट्टा. कमळं, पाणवनस्पती असलेल्या जुन्या तळ्यात राहते. पाण्याजवळच्या जुन्या झाडाच्या ढोलीत घर करते. अंड्यातून निघालेली पिल्लं ढोलीतून थेट खाली उडी मारतात आणि आईमागं पाण्यात जातात.

याशिवाय ‘वारकरी’ नावाचं काळं, कपाळावर पांढरा टिळा असलेलं पाखरू मोठ्या संख्येनं दिसतं. ते बदक नाही, पाणकोंबडीच्या कुळातलं आहे. टिबुकली म्हणजे पाणडुबीसुद्धा बदक नाही. शिकारी मात्र या दोन्हींना बदक म्हणूनच मारतात. कायद्यानं संरक्षण या दोन्हींनाही आहे.

प्रत्येक पाणथळ वेगळी, धोकाही वेगळा

लहान बदकं खोल पाण्यात बुडी मारून खाणारी नाहीत. डोकं पाण्यात आणि शेपूट वर करून ती तळाचं खातात. गवताचं, लव्हाळ्याचं बी, शंख-शिंपले, किड्यांच्या अळ्या हे त्यांचं खाणं. म्हणून वीत-दीड वीत पाणी आणि खाली चिखल असलेली जागा त्यांना लागते. दिवसा विसावायला उघडं, सुरक्षित पाणी आणि रात्री चरायला उथळ चिखल, असा त्यांचा दिवसाचा फेरा असतो. जिथं माणसाचा त्रास जास्त, तिथं ती दिवसा चरणं सोडूनच देतात. हा फेरा ठरलेला असतो आणि शिकारी नेमका त्याचाच फायदा घेतो.

१. धरणाचं उतरतं पाणी आणि गाळपेर

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. जलाशयाचं नाव यशवंतसागर. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं तेव्हा काठ खोल आणि उभा असतो. त्या वेळी लहान बदकांना इथं फारसं खायला मिळत नाही. रब्बीसाठी पाणी सुटलं, पातळी खाली आली, की मैलोन् मैल उथळ चिखल उघडा पडतो. डिसेंबरपासून मार्चपर्यंत चक्रांग आणि भुवई इथं जमतात ती त्यामुळंच. पाणी आणखी खाली गेलं, ‘उजनी मायनसमध्ये’ अशा बातम्या यायला लागल्या, पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलं, की उरलेल्या पाण्याभोवती पाखरांची दाटी होते.

इथं धोका दोन प्रकारचा आहे. पहिला, उथळ पाण्यात लावलेली जाळी. चिलापीसाठी लावलेल्या जाळ्यात रात्री चरणारं बदक चुकून अडकतं. ते शिकारीसाठी नसतं, पण पहाटेपर्यंत पाखरू बुडून मरतं. दुसरा, मुद्दाम पाखरांसाठीच काठीवर ताणलेली जाळी. मासळीचं जाळं पाण्यात असतं, पाखरांचं जाळं पाण्याच्या वर असतं. हा फरक काठावरच्या माणसाला लांबूनही कळतो.

गाळपेरीतल्या हरभऱ्या-गव्हाचा प्रश्नही आहे. कोवळा पाला खाणारे पक्षी म्हणजे मुख्यतः पट्टकदंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले मोठे राखाडी हंस. लहान बदकं पाण्यातलं आणि चिखलातलं खातात, उभ्या पिकात फारशी शिरत नाहीत. तरी राग निघतो तो दोघांवर सारखाच. पाखरं पिकातून हाकलणं आणि पाखरं मारणं यात मोठा फरक आहे. चकाकती फीत, बुजगावणं, आवाज यांनी काम भागतं. विष टाकलं तर तो गुन्हा होतो.

२. पाझर तलाव आणि गावतळं

दुष्काळी कामांतून झालेले पाझर तलाव आपल्या तालुक्यांत गावोगाव आहेत. पाऊस बरा झाला तर त्यात जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पाणी राहतं. पाहुणी बदकं आली तेव्हा धरण काठोकाठ भरलेलं असेल, तर ती आधी अशा लहान तळ्यांवर उतरतात. एका तळ्यावर वीस-पंचवीस बदकं म्हणजेसुद्धा तिथं पुष्कळ झाली.

लहान तळ्यावरचा धोका बंदुकीचा. सांडव्याच्या किंवा भरावाच्या आडोशानं माणूस अगदी जवळ जाऊ शकतो. छऱ्याचा एक बार टाकला तर एकाच वेळी पाच-सहा पाखरं पडतात आणि जखमी होऊन उडालेली वेगळीच. ती पुढं कुठं तरी पडून मरतात, त्यांचा हिशेब कुणाकडं नसतो. थवा घाबरून निघून जातो आणि त्या हंगामात त्या तळ्यावर परत फिरकेलच असं नाही.

जुन्या गावतळ्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. काणूक आणि अडई तिथं अंडी घालतात. पावसाळ्यात एक जोडी मारली तर त्यामागची आठ-दहा पिल्लंही गेली. काठावरची जुनी चिंच, आंबा, अर्जुन तोडला, तर बार न टाकताच काणूक संपते, कारण तिला ढोली लागते आणि ढोली व्हायला झाडाला कित्येक वर्षं जावी लागतात.

३. पाणकणसाची दलदल, चिबड रान आणि बंधाऱ्याचं पाणी

कालव्याच्या पाझरानं आणि जादा पाण्यानं चिबड झालेली रानं उसाच्या पट्ट्यात बक्कळ आहेत. शेतकऱ्याला ती डोक्याला ताप, पण पाणकणीस आणि लव्हाळा माजलेली अशी जागा अडईला लपायला आणि चरायला फार आवडते. कोल्हापुरी बंधाऱ्यामागं आणि भीमा-सीनेच्या डोहांच्या कडेला तसंच.

अशा जागेत पाखरू दिसत नाही, ऐकू येतं. त्यामुळं इथं बंदुकीपेक्षा फासे आणि विष कालवलेलं धान्य हा प्रकार जास्त घातक. फाशात बदकाबरोबर टिटवी, बगळा, पाणकोंबडी काहीही अडकतं. विषाचं तर सांगायलाच नको. दाणे टिपणारी पाखरं मरतात, मेलेली पाखरं खाणारी कुत्री-घारी मरतात आणि तेच पाणी पिणारी शेळी-मेंढीसुद्धा धोक्यात येते.

४. शेततळं

प्लॅस्टिक कागद टाकलेलं शेततळं बदकाच्या उपयोगाचं नाही. काठ उभा, तळाला चिखल नाही, खायला काही नाही. बदक तिथं क्वचित विसावा घेतं. कागद नसलेलं, उतरत्या काठाचं, कडेला गवत वाढलेलं मातीचं शेततळं असेल, तर मात्र चार-दोन बदकं उतरू शकतात. खाजगी शेततळ्यात उतरलेलं पाखरू शेतमालकाचं होत नाही, हे इथं लक्षात ठेवायला हवं.

पूर्वी परवाना मिळायचा, आता नाही

‘आमचे आजोबा बदकं मारायचे, तेव्हा कुणी काही म्हणत नव्हतं’, हेही नेहमी ऐकायला मिळतं. त्यात तथ्य आहे. इंग्रजांच्या काळात बदकांची शिकार हा साहेब आणि संस्थानिकांचा हिवाळ्यातला खेळ होता. राजस्थानात भरतपूरच्या राजांनी तर बांध घालून पाणी अडवलं आणि मुद्दाम बदकांसाठी दलदल राखली. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी तिथं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाखरं मारली गेली. हा आकडा तिथं दगडावर कोरलेला आहे. तीच जागा पुढं केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाली आणि १९८५ साली जागतिक वारसा यादीत गेली. म्हणजे माणसानं केलेली पाणथळसुद्धा पाखरांसाठी किती मोलाची होऊ शकते, त्याचं हे उदाहरण. उजनीही माणसानंच केलेली आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९५१ साली वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षणाचा कायदा झाला. त्यात शिकार परवान्यावर चालायची. १९७२ साली देशभरासाठी वन्यजीव (संरक्षण) कायदा आला. त्यातही सुरुवातीला लहान शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीनं ही परवाना पद्धतच काढून टाकली. त्यानंतर हौसेसाठी किंवा मांसासाठी रानबदक मारायला कुठलाही परवाना नाही, हंगाम नाही आणि सवलतही नाही. आजोबांच्या काळी जे चालायचं, ते नातवाला चालणार नाही.

आजचा कायदा काय म्हणतो?

वन्यजीव कायद्यात ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ फक्त गोळी घालणं असा नाही. मारणं, विष घालणं, जाळ्यात किंवा फाशात पकडणं, त्यासाठी आमिष दाखवणं, पाठलाग करणं, हे सगळं त्यात येतं. प्रयत्न केला आणि पाखरू सुटलं, तरी ती शिकारच. पक्ष्यांची अंडी फोडणं, नेणं, घरटं मोडणं हेही त्यातच धरलं आहे.

२०२२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. संरक्षित प्राण्यांच्या याद्या नव्यानं मांडल्या गेल्या आणि दंड वाढला. आता सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिकार अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात केली, किंवा प्राणी पहिल्या अनुसूचीतला असला, तर कैद किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं, शिवाय किमान पंचवीस हजार रुपये दंड. बंदूक, जाळी, नाव, गाडी हे सगळं जप्त होऊ शकतं.

म्हणजे अभयारण्य नसेल तर शिक्षा कमी होऊ शकते, पण गुन्हा गुन्हाच राहतो. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे आणि राज्यातलं पहिलं रामसर स्थळही आहे. पैठणचं जायकवाडी अभयारण्य आहे. उजनी अभयारण्य नाही. पाणथळ जागांसाठी २०१७ साली जे केंद्रीय नियम झाले, त्यांतूनही सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. त्यामुळं ‘उजनीला संरक्षण नाही’ असं म्हणतात ते जागेपुरतं बरोबर आहे. पाखराचं संरक्षण जागेवर अवलंबून नाही. ते धरणात असो, डोहात असो, उसाच्या चिबडात असो की विहिरीच्या कडेला, कायदा त्याच्याबरोबर फिरतो.

नेहमीचे गैरसमज

‘छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, मग चालतं.’ चालत नाही. काही एअरगनना शस्त्र परवान्यातून सूट असली, तरी ती शस्त्रापुरती आहे. त्या बंदुकीनं पाखरू मारलं तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो.

‘आम्ही मारलं नाही, फक्त विकत घेतलं.’ रानबदकाचं मांस विकणं, विकत घेणं, जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. ढाब्यावर कुणी गुपचूप ‘उजनीचं बदक’ म्हणून ताट पुढं करत असेल, तर खाणाराही अडकू शकतो.

‘बदकं तर बाजारात विकतात.’ विकतात ती पाळीव बदकं. ती पाळणं, विकणं, खाणं कायदेशीर आहे. रानबदक मारून ‘गावठी’ म्हणून खपवलं, तर मात्र तो गुन्हा.

‘पिल्लू सापडलं, घरी वाढवतोय.’ हेतू चांगला असला तरी रानपाखरू घरात ठेवता येत नाही. आई बहुतेक वेळा जवळपासच असते. पिल्लू धोक्यात असेल तरच वन विभागाला कळवावं.

‘हे अमुक समाजाचंच काम.’ ही बोलायची सवयसुद्धा सोडायला हवी. फासे लावून पोट भरणाऱ्या समाजांवर पिढ्यान्‌पिढ्या सरसकट शिक्का बसला आहे. चारचाकीतून बंदूक घेऊन हौसेसाठी येणाराही शिकारीच असतो. तक्रार करायची ती कृत्याची, जातीची नाही.

खाणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न

कायदा बाजूला ठेवला तरी रानबदकाचं मांस धोक्याचं आहे. विष घालून मारलेलं पाखरू दिसायला धडधाकटच दिसतं. बंदुकीचा बार नाही, जखम नाही, म्हणून लोक ‘ताजं’ समजून घेतात. शेतीतलं कीटकनाशक वापरलेलं असेल, तर शिजवलं म्हणून ते जाईलच असं नाही. छऱ्यानं मारलेल्या पाखरात शिशाचे कण राहतात, तेही पोटात जातात.

दुसरं म्हणजे बर्ड फ्लू. पाणपक्षी, त्यातही बदकं, या विषाणूचे नैसर्गिक वाहक मानले जातात. बदक स्वतः आजारी न दिसताही विषाणू पसरवू शकतं. परसात कोंबड्या असलेल्या घरात रानबदक सोलायला आणणं म्हणजे कोंबड्यांचा जीव टांगणीला लावणं. तळ्याकाठी एकदम अनेक पाखरं मेलेली दिसली तर हात लावू नये, कुत्र्यांना लांब ठेवावं आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावं.

शिकार दिसली तर काय करायचं?

अंगावर जाऊ नये. शिकाऱ्याकडं हत्यार असतं आणि अंधार असतो.

वेळ, जागा, गाडीचा नंबर, किती माणसं, हे लिहून ठेवावं. सुरक्षित अंतरावरून फोटो मिळाला तर उत्तम. मोबाइलवरून ठिकाणाचं लोकेशन पाठवता आलं तर पथकाला शोधायला सोपं जातं, कारण धरणाच्या काठाला पत्ता नसतो.

वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवावं. गोळीबार किंवा धमकीचा प्रकार असेल तर ११२ वर पोलिसांना फोन करावा. गावच्या वनरक्षकाचा आणि वनपरिक्षेत्र कार्यालयाचा नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवला तर वेळ वाचतो.

मेलेली पाखरं, पिसं, छऱ्याच्या काडतुसांची टोपणं, विषाचे दाणे उचलू नयेत. पंचनामा झाल्याशिवाय ती हलवली तर पुरावा जातो.

जाळ्यात जिवंत बदक अडकलं असेल तर ओढाताण करू नये. पंख मोडतात. त्याच्या डोक्यावर हलकं फडकं टाकलं की ते शांत होतं, मग जाळीचा धागा कापावा. ठीक असेल तर जागेवरच सोडावं, जखमी असेल तर वन विभागाला कळवावं. मच्छीमारांनी हिवाळ्यात अगदी काठाच्या उथळ पाण्यात रात्रभर जाळं ठेवायचं टाळलं, तर चुकून होणारे बरेच मृत्यू थांबतील.

गावाला काय मिळतं?

धरणात जमिनी गेलेल्या गावांना पाण्यानं पुढं मासेमारी दिली आणि आता पाखरांमुळं नावाड्यांना चार पैसे मिळतात. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला हिवाळ्यात होड्या चालतात, घरगुती जेवणाची सोय होते, तरुण पोरं पाखरांची नावं पाठ करून वाटाड्याचं काम करतात. करमाळ्याच्या बाजूच्या काठावरही हे होऊ शकतं. पण त्यासाठी पाखरं माणसाला न घाबरता जवळ बसली पाहिजेत. ज्या काठावर बार होतात, तिथली बदकं होडी दिसताच उडतात. पर्यटक पुन्हा येत नाही.

दर वर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे. कुठल्या पाण्यावर कोणतं पाखरू किती, याची नोंद स्वयंसेवक करतात. गावच्या शाळेनं एका रविवारी आपल्या तळ्यावर जाऊन बदकं मोजली आणि वहीत लिहून ठेवली, तर चार-पाच वर्षांत आपल्या तळ्याचं काय होतंय ते आपल्यालाच कळेल. त्याला खर्च काही नाही, एखादी दुर्बीण मिळाली तर बरंच.

पाव किलोचं चक्रांग हजारो किलोमीटर उडून, हिमालय ओलांडून आपल्या पाझर तलावावर उतरतं. त्याच्या अंगावर मांस ते किती असणार? एका घराची एक वेळची भाजीसुद्धा धड होत नाही. वन विभागाचा एक वनरक्षक कित्येक गावं सांभाळतो, त्याला प्रत्येक तळ्यावर पहारा देणं जमणार नाही. काठावर रोज असतो तो शेतकरी, मेंढपाळ आणि मच्छीमार. बार ऐकू आल्यावर त्यानं १९२६ ला एक फोन लावला, तर पुढच्या खेपेला शिकारी त्या काठावर यायला दहादा विचार करेल.